दार कुणाचं

कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. नव्या गाडीत बसून खडबडीत रस्त्यावर फिरायचं आणि करकर नेमकी कुठून येते ते शोधायचं, हे तिचं काम. घरी मात्र त्या कानांची थट्टाच व्हायची. "वहिनींना मुंगी चाललेली ऐकू येते, फक्त कुकरची शिट्टी येत नाही," असं धाकटा दीर चारचौघांत म्हणायचा.

दीर दुसऱ्या मोटार कंपनीत साहेब. दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा एकाच मापाच्या दोन छोट्या गाड्या झाल्या, एक तिच्या कारखान्याची, एक त्याच्या. एकाच गिऱ्हाइकासाठी घरच्याच दोघी भांडायला नकोत, म्हणून एक बंद करायचं ठरलं. ठरवणाऱ्यांत दीर होता. बंद झाली तिची.

"म्हातारी झाली होती हो तुमची गाडी. सुटली बिचारी," तो जेवताना म्हणाला. सासूबाईंसकट सगळे हसले. तिनं सगळ्यांची ताटं उचलली, त्याचं तेवढं ठेवलं.

बंद गाडीतलं एकच काय ते ठेवलं गेलं: दार. लावलं की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजापायी तिची तीन वर्षं गेली होती. रबर बदल, कडी बदल, पुन्हा लावून ऐक. ते दार दिराच्या गाडीला बसलं, त्याबद्दलची ढाल दिराला मिळाली आणि जेवणघराच्या भिंतीवर लागली. कानवालीची बदली भांडारात झाली, स्क्रू मोजायला.

ती रोज जेवताना ढालीकडे तोंड करून बसायची, एवढंच.

दिरानं नवी गाडी घरी आणली ती चढावर करकरतच. त्यानं सीट काढल्या, चटया झटकल्या, बायकोला कानातले उतरवायला लावले. करकर जाईना. शेवटी अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, उद्या थोरले साहेब माझ्या गाडीत बसणार आहेत. जरा ऐकता का?"

ती मागे बसली, धाकटी जाऊ पुढे. चढ लागताच तिला कळलं. उसनं दार, परकी चौकट. कोपऱ्यात नखाएवढी लोकरीची पट्टी चिकटवली की काम झालं. जुन्या सवयीनं पट्टी पर्समध्ये होतीच. तिनं चेन उघडली.

"भाऊजी, एक सांगा. हे दार कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? आमच्या टीमनं. ढाल बघता की रोज!"

तिनं चेन लावली.

"मला तर काहीच ऐकू येत नाही हो."

"अहो ताई, एवढी करकरतेय!" जाऊ ओरडली.

"मला कुकरची शिट्टीसुद्धा येत नाही गं. विचार यांना."

घरापाशी उतरून तिनं दार लावलं. जाड पुस्तक मिटलं. बरं वाटलं, म्हणून उघडून पुन्हा एकदा लावलं.