एलिया ओहोळची बाहेरची साक्ष

एलिया ओहोळ कधीच वेळेवर येत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझा जन्म एस.टी.च्या कंडक्टरकीत गेला आणि वेळ न पाळणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्यात हा पाथर्डी रस्त्यावर जीप चालवणारा. आमच्या एस.टी.चे निम्मे प्रवासी ह्याच लोकांनी पळवले. वर दर रविवारी पहिलं गीत संपत आलं की देवळाच्या दारात ह्याची जीप खोकत उभी राहणार. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. मग हा चपला हातात घेऊन, सगळ्यांकडे बघून हसत आत शिरणार.

असा माणूस मंडळीचा वडील व्हायला निघाला तेव्हा मी कपाळाला हात लावला. वडील म्हणजे चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणारा, पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, खालोखाल मानाचा माणूस. एलियाचा बाप मरेपर्यंत वडील होता. पुढच्या बाकावर, भिंतीकडची त्याची जागा अजून रिकामीच होती. एलिया कितीही उशिरा आला तरी आधी ती जागा रुमालाने पुसायचा आणि मग मागे चटईवर जाऊन बसायचा. त्याला ती जागा किती हवी होती, ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

आता आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. वडील नेमायचा तर नुसतं मंडळीने बरं म्हणून भागत नाही. बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं, असं शास्त्र सांगतं. म्हणून पाळक आणि एक जुना वडील, म्हणजे ह्या खेपेला मी, गावात हिंडून मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांना विचारतो, हा माणूस कसा आहे? कुणी वाईट बोललं की नेमणूक थांबते.

आमचे पाळक रविराज साळवे नगरहून नवीनच आलेले. तरुण, हसतमुख आणि वेळेचे पक्के, म्हणून मला आवडतात. आम्ही आधी डेअरीवाल्या गहिनीनाथाकडे गेलो.

“एलियाभाऊ व्हय? सौम्य माणूस. संयमी. आन् अतिथिप्रिय,” गहिनीनाथ एका दमात म्हणाला.

मी बघतच राहिलो. म्हशीला हाक मारतानाही शिवी दिल्याशिवाय ज्याचं भागत नाही, त्याच्या तोंडात ‘अतिथिप्रिय’!

पुढचं घर बनुबाईचं. ती पदर सावरून ताठ उभी राहिली. “सौम्य हाय. संयमी हाय. आन् अती... अती... अगं सुगंधे, फुडचं काय सांगितलं हुतंस?”

दाराआडून एलियाची बायको सुगंधा जीभ चावत बाहेर आली. बाईने आदल्या दिवशी चहा पाजून पाजून सगळी आळी पढवून ठेवली होती. पाळकांना हसू आवरेना आणि मला राग आवरेना.

तेवढ्यात एलियाची जीप आली. बनुबाईने भाबडेपणाने त्याला सगळं सांगून टाकलं. त्याचं हसू मावळलं.

“पाळकसाहेब, ही साक्ष धरू नका. रामहरीला इचारा,” तो म्हणाला.

“आवं, त्यो तुमचं तोंड बी बघत न्हाई!” सुगंधा कळवळली. “बापाची जागा जाईल न्हवं!”

“जाईल तर जाईल. इचारायचं तर त्यालाच इचाराया पायजे.”

रामहरीचं घर एलियाच्या घराला लागूनच. तीन वर्षांपूर्वी एलियाने जीप मागे घेताना रामहरीच्या अंगणात वाळत घातलेल्या कांद्यावर घातली होती. तेव्हापासून रामहरी त्याच्याशी बोलत नाही. आम्ही गेलो तेव्हा तो ऊसतोडीला निघायच्या तयारीत कोयत्याला धार लावत बसला होता. त्याची म्हातारी आई, रंगुबाई, शेजारी बसून बोचकं बांधत होती.

“ह्याला सांगा, उंबऱ्याच्या भाईर उभा ऱ्हा,” रामहरी पाळकांना म्हणाला.

एलिया बाहेरच होता. तो आणखी मागे सरकला.

“लई तापट मानूस,” रामहरीने सुरुवात केली. “माझ्या कांद्यावर गाडी घातली, वर मलाच म्हनला, रस्त्यात कांदा कशाला टाकतो?”

सुगंधाने डोळे मिटून घेतले.

“दुसऱ्या दिशी मारुतीच्या पारावर समद्या गावासमोर उभा ऱ्हायला. म्हनला, कांदा रामहरीच्या अंगनातच हुता, मी खोटं बोललो, चूक माझी.”

“मग तुम्ही माफ केलंत?” पाळकांनी आशेने विचारलं.

“छ्या! माझा कांदा गेला की, सायेब!”

पाळकांचा चेहरा पडला. “म्हणजे तुमची साक्ष वाईट धरायची?”

रामहरीने धार लावायची थांबवली. “वाईट कशापायी? दरसाली मी उसाला जातो. ही म्हातारी हितं एकटी ऱ्हाती. गावात माझे सख्खे भाऊ हायेत, पर तिला मी ह्याच्या भरवशावर टाकून जातो. घराची किल्ली बी ह्याच्याच घरी असती.” आणि पुन्हा कोयता उचलून म्हणाला, “बोलायचं न्हाई, ती गोष्ट येगळी.”

खरं सांगतो, माझा राग कुठल्या कुठे गेला. गाडीत तिकिटं फाडताना मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण अबोला धरूनही आपली आई ज्याच्यावर सोपवावी असा माणूस पाहिला नव्हता. पाळक बाहेर आले आणि त्यांनी एलियाचा हात धरला.

नेमणुकीचा रविवार उजाडला. देऊळ भरलं, पहिलं गीत झालं, दुसरं झालं, आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवून नेमणूक करायची त्याचाच पत्ता नाही! मी दारात जाऊन चरफडत उभा राहिलो. अखेर जीप खोकत आली. पुढच्या सीटवर रंगुबाई, मांडीवर बोचकं. ऊसतोडीचा ट्रक सकाळीच सुटला होता आणि एलिया रामहरीचं सामान चढवायला गेला होता.

“बोलला! रामहरी बोलला!” सुगंधा गाडीतूनच ओरडली.

“काय बोलला?” मी घड्याळ विसरून विचारलं.

एलिया हसत होता आणि डोळे पुसत होता. “ट्रकात चढता चढता म्हनला, एल्या, आई तुझ्याकडं हाय. अंगनात कांदा पसरलाय. गाडी जपून मागं घे.”

सगळं देऊळ हसलं. एलिया चपला हातात घेऊन आत आला, पुढच्या बाकापाशी थांबला आणि सवयीने खिशातला रुमाल काढू लागला.

“बस आता,” मी म्हणालो. “पुसलीय मी.”