डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या

आज दुपारी ती नवऱ्याच्या चपला घालून जिना उतरत होती. स्वतःच्या आता पायात शिरत नाहीत. कठड्याला धरून एकेक पायरी खाली, तळमजल्यावर क्षणभर टेकायचं, मग पुन्हा वर. तोंडावर घाम आणि हसू. ते पाय काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. घोट्याचं हाडच दिसत नव्हतं. घरातले सगळे झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून लिहीत बसले आहे, कारण अंथरुणात पडून छताकडे बघण्यापेक्षा हे बरं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. परदेशी. नवरा कसल्याशा पुलाच्या कामावर मोठा इंजिनियर आहे, काम दूर आहे, तो शनिवारी येतो आणि सोमवारी उजाडायच्या आत जातो. मधले दिवस ती आणि तिची दहा वर्षांची लेक. आता दुसरं येऊ घातलंय, सातवा महिना सरत आलाय.

आल्या आल्या तिनं मला विचारलं होतं, म्हणजे बोटानं विचारलं, मी कोण. मी म्हटलं, ताई. खाली राहते. तेव्हापासून मी ‘खालीताई’. आपल्या भाषेतले शब्द तिच्याकडे मोजकेच. बस, नको, किती, चाल, झोप, छान. इंग्रजी माझं कॉलेजपुरतं, तिचं त्याहून कमी. दोघींचं मिळून एक वाक्य पुरं होत नाही. पण लेक! ती आमच्या मुलीच्या वर्गात गेली आणि सहा महिन्यांत अशी बोलायला लागली की फोनवर ऐकलं तर ओळखू येऊ नये. आमच्या मुलीच्या सगळ्या सवयी उचलल्या तिनं, ‘कसलं भारी’पासून ‘मी नाही जा’पर्यंत. दोन्ही बाजूंनी भांडते म्हणून जिन्यातल्या सगळ्यांनी तिला वकीलबाई नाव ठेवलं.

घर त्या वकीलबाईच्या जिभेवर चालतं. गॅसवाला आला की आई दाराआड आणि लेक पुढे. भाजीवाल्याशी हुज्जत लेक घालते, आई मागून नुसती मान हलवते. एकदा भाजीवाला वैतागून म्हणाला, “अहो, तुमच्या आईला काय वाटतं ते विचारा की!” तर ही म्हणते कशी, “आईला वाटतं तुम्ही लबाड आहात. मी सौम्य करून सांगितलं.” 

शाळेतल्या पालकसभेला मीही होते. बाईंनी तक्रार केली की मुलगी वर्गात फार बडबडते, शेजारणीलाही गप्प बसू देत नाही. वकीलबाईनं गंभीर चेहऱ्यानं आईला सांगितलं. आई उठली आणि बाईंचे दोन्ही हात धरून इतकी भरभरून हसली की बाई बघतच राहिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, “काय सांगितलंस गं?” “हेच, की मी वर्गात सगळ्यांना मदत करते.” घरी हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

सोमवारी मी त्या दोघींना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिच्या डोळ्यांखाली सूज दिसत होती, मला राहवलं नाही. दवाखान्यात ही गर्दी. बाईंनी हाताला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला. माझ्याकडे बघितलं. मग वकीलबाईकडे वळून सरळ बोलत सुटल्या, कारण मुलगी इतकं स्वच्छ बोलते की समोर लेकरू आहे हे माणूस विसरतो. रक्तदाब वाढलाय. मीठ कमी. या गोळ्या रोज. जास्तीत जास्त पडून राहायचं, जिने तर नाहीच नाही. बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर याच आठवड्यात जा, पुढे विमानात बसू देणार नाही मी. आणि डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर रात्र म्हणू नका, मध्यरात्र म्हणू नका, मोठं हॉस्पिटल गाठा.

वकीलबाईनं सगळं ऐकलं, आईकडे वळली आणि बराच वेळ बोलली. आई मधे मधे मान डोलवत होती. मला वाटलं, चला, काम झालं.

पण मंगळवारपासून जिन्यात पावलं वाजायला लागली. सकाळी, दुपारी, दिवे लागताना. आधी मला तिचा रागच आला. एवढं बजावून सांगितलं बाईंनी, आणि हिच्या पायाला भिंगरी! नवऱ्याला म्हटलं, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “झालं, काळजीवाहू सरकार सत्तेवर आलं. अगं, तिचा नवरा शनिवारी येतोय. तू कशाला पराचा कावळा करतेस?”

आज दुपारी त्या चपला बघितल्या आणि मी दार उघडून तिला अडवलंच. मुली शाळेत होत्या. मी दोन्ही हात गालाखाली धरून दाखवलं. झोप. झोप! जिना नको!

ती हसली. पोटावर हात ठेवला, दुसऱ्या हाताची दोन बोटं हवेत पावलांसारखी चालवली आणि एकेक शब्द वेचून म्हणाली, “नको झोप, खालीताई. डॉक्टर... चाल. चाल, चाल! बाळ छान.”

मी ‘नाही, नाही’ करत राहिले. माझी मान आडवी हलताना बघून ती माझ्या खांद्यावर थोपटायला लागली. मला वाटतं, तिला माझीच दया आली. मग त्या चपला फटक फटक वाजवत ती वर गेली.

शाळेची बस आली तेव्हा मी फाटकात उभी होते. आमच्या मुलीला पुढे घरी पाठवलं आणि वकीलबाईला जिन्याखाली, सायकली ठेवतो तिथे नेलं.

“सोमवारी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“तुम्ही होतात की तिथे, काकू.”

“मी होते. तू आईला काय सांगितलंस?”

ती सायकलची घंटी खालीवर करत राहिली. “बाळ छान आहे म्हणून.”

“आणि?”

“आणि रोज चालायचं म्हणून.”

“का गं? चालायचं कुठून काढलंस?”

“डॉक्टर केवढं बोलल्या! मग मलाही तेवढं बोलायला नको? आई म्हणाली असती, एवढंच?” तिनं माझ्याकडे बघितलं. “चालणं चांगलंच असतं ना? आमच्या पीटीच्या सरांनी सांगितलंय.”

मी म्हटलं, “आणि गोळ्या?”

“देते ना! रोज सकाळी, दुधाबरोबर. ताकदीच्या म्हणून. मीठही मीच कमी घालते, आई बघत नसली की. बादल्याही मीच उचलते.” हे ती अगदी अभिमानानं सांगत होती. मग एकदम तिचा चेहरा उतरला. “काकू, विमानाचं कळलं तर आई लगेच आजीकडे जाणार. मलाही नेणार. बाबांचं इथलं काम तोवर संपेल, मग आम्ही परत यायचंच नाही. याआधी जिथे होतो ना, तिथे मी अख्खं वर्ष कुणाशी बोलले नव्हते. आत्ता कुठे मला सगळं येतं.”

“अगं, आईला काही झालं म्हणजे?”

“नाही होणार. मी बघते आहे ना.”

दहा वर्षांची पोर. मी तिला जवळ ओढली तर ती ताठच राहिली. म्हणाली, “तुम्ही नका सांगू, मीच सांगते. आज रात्री सांगते, नक्की. तुम्ही सांगितलंत तर आई मला पुन्हा कधी विचारणारच नाही.”

“काय विचारणार नाही?”

“लोक काय म्हणाले ते.”

मी विरघळले. म्हटलं, ठीक आहे, आज रात्री. सकाळी मी वर येईन आणि आईनं झोपूनच दार उघडायला तुला पाठवलं पाहिजे. ती हसली. वर पोचवायला गेले तर घरात अंधार, पडदे ओढलेले. मी बटणाकडे हात नेला, तर वकीलबाईनं माझं मनगट धरलं. “नको, काकू. आईला उजेड सहन होत नाही आज. पडलीय.” पडलीय म्हटल्यावर मला बरंच वाटलं. निदान पडली तरी, असं मनात म्हणत मी खाली आले आणि कुकर लावला.

आता डोक्यावर पावलं वाजताहेत. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून पुढची खोली. थांबतात, पुन्हा सुरू. म्हणजे पोरीनं सांगितलेलं नाही. धीर झाला नसेल, किंवा सांगू सांगू म्हणत झोप लागली असेल. आणि आई झोप येत नाही म्हणून चालते आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय ना.

हे सगळं क्रमानं लिहून काढलं तेव्हा वरची एक ओळ पुन्हा वाचली आणि पेन हातात तसंच राहिलं. उजेड सहन होत नाही. अहो, उजेड माणसाला कशानं सहन होत नाही? डोकं ठणकत असलं म्हणजे! आणि मला त्याचं बरं वाटलं होतं. मी कुकर लावत बसले.

वर जाऊन दार ठोठावलं तर काय होईल ते मला दिसतंय. दार पोरगी उघडणार. मी बोलणार, मधे ती उभी, आणि तिच्या तोंडून पलीकडे काय जाईल ते मला शेवटपर्यंत कळणार नाही. मी हातवारे करत राहीन आणि तिची आई मला थोपटत राहील. तिला तिच्या भाषेत, तिला खरं वाटेल असं सांगणारं माणूस एकच आहे, आणि ते पुलाजवळच्या खोलीत झोपलेलं असणार. त्याचा नंबर त्यानं पहिल्याच शनिवारी दिला होता, काही लागलं तर म्हणून. त्याला इंग्रजी येतं, माझ्यापेक्षा बरं.

पोरीला शब्द दिला आहे. सकाळपर्यंत. उद्या ती माझ्याकडे बघणारसुद्धा नाही, आमच्या मुलीशीही बोलायची नाही कदाचित, आणि आठवड्याभरात ते घर रिकामं होईल किंवा हॉस्पिटलच्या खेपा सुरू होतील. काकू म्हणून हाक मारणारी ती, तिला आयुष्यभर मी लक्षात राहीन ती अशी. राहू दे.

त्याला आधी काय सांगायचं ते ठरवलंय. तुमच्या बायकोला आत्ता फोन करा, तिला म्हणावं बसून राहा, आम्ही गाडी काढून तिला न्यायला वर येतोय. मुलीवर ओरडू नका, तेही सांगायचंय, पण नंतर. नवऱ्याला हाक मारली आहे, तो ‘काय झालं, काय झालं’ करत चष्मा शोधतो आहे. पावलं आत्ता थांबली आहेत. मी नंबर लावते.