माठावरचा फोन

“बठ्ठा फोन विमान करा वं माय!”

दुपारचे तीन वाजले की गच्चीच्या जिन्यावरून हा हुकूम खाली अंगणात यायचा. अंगणात पापड लाटणाऱ्या सहा बायका पिठाचे हात झटकायच्या, आपापला फोन काढायच्या आणि विमानाच्या चित्रावर बोट ठेवायच्या. माझ्या घरमालकीणबाई, अक्का, कमरेवर हात ठेवून एकेकीचा फोन तपासायच्या. बठ्ठी, म्हणजे सगळी, विमानं उडाली याची खात्री पटली की मधल्या खोलीत लॅपटॉपपुढे मांडी घालून बसायच्या, पदर खोचायच्या आणि दहाही बोटं कडाकडा मोडायच्या. पैलवान आखाड्यात उतरताना तुम्ही पाहिला असेल, तर आणखी वर्णन नको.

धरणगावच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबमध्ये लागले आणि अक्कांच्या घरी भाड्यानं राहायला आले. मी जळगाव शहरातली. अहिराणी मला कळते, बोलायला गेलं की जीभ अडखळते. अक्का तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. पापडांचा धंदा त्यांचा, घरातला आवाजही त्यांचाच. त्यांचे मालक कापसाच्या जिनिंगमधून घरी येत, जेवत आणि पुन्हा जात. लॅपटॉप पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा, जुना. जाताना त्यानं आईला त्यावर एक खेळ लावून दिला होता.

खेळ असा की दोघांनी मिळून एक खानावळ चालवायची. दोघं दोन गावांत बसलेले असले तरी चालतं. एकानं चिरायचं-शिजवायचं, दुसऱ्यानं ताट वाढायचं, गिऱ्हाईक चिडायच्या आत. अक्का वाढायच्या. पडद्यावर नूडल्स आले की त्या म्हणत, “शेवया शेत त्या.” कांदा जाड चिरला की समोरच्या अनोळखी आचाऱ्याला शिव्या. आणि पट्टीची खेळाडू हो! सहा बायकांकडून दिवसाला हजारभर पापड लाटून घेणाऱ्या बाईला चार गिऱ्हाइकांचं काय?

अडचण एकच होती. घरात वायरचं इंटरनेट नव्हतं. एका जुन्या फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं. मग अक्का आत्ता बटण दाबत आणि पडद्यावरची बाई ताट उचले दोन सेकंदांनी. तेवढ्यात गिऱ्हाईक पसार. याला आम्ही लॅबमध्ये लॅग म्हणतो, अक्का ‘अटकणं’ म्हणत. अटकलं की त्यांचं डोकं फिरे. लॅपटॉपचं झाकण धाडकन आपटून त्या उठून जात, आणि तासभर पापडवाल्यांची खैर नसे.

मी पडले तज्ज्ञ. म्हटलं, अक्का, मी आहे ना. आधी फोन आणि लॅपटॉप यांच्यात केबल जोडून दिली, कारण हवेतून येणारं नेट भिंतीला धडकत येतं. फोनमध्ये कुणालाच नंबर माहीत नसलेलं वेगळं सिम घातलं, म्हणजे मधेच कुणाचा फोन यायला नको. मालक त्या फोनवर पाठवायचे ते सुप्रभातचे फोटो आपोआप उतरणं बंद केलं. फोन फाइव्ह-जी आणि फोर-जी यांच्यात सारखा उड्या मारायचा, त्याला फोर-जीवर बांधून टाकला. टॉवर समोर दिसावा म्हणून फोन गच्चीच्या कोपऱ्यात नेला आणि लांब केबल खाली सोडून खिडकीतून आत घेतली. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी गावाबाहेरची माणसं येतात नि टॉवरवर गर्दी होते, म्हणून त्या दिवशी खेळ बंद. हे सगळं करून मी अशी फुशारले, जणू टॉवर मीच उभारला होता.

पण चैत्र लागला. आमच्या खान्देशातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दोन तासांत कडक वाळतात, तिथं फोनची काय कथा? तो तापायचा नि मरगळायचा. अक्कांनी उपाय काढला. मी घरी आले तर नेट संपूर्ण गायब. गच्चीवर जाऊन पाहते, तर फोन पापडांच्या स्टीलच्या डब्यात, वर घट्ट झाकण, झाकणावर वरवंटा. म्हणे ऊन नको लागायला आणि कावळाही नको. मी पोट धरून हसले. मग सांगितलं की स्टीलच्या डब्यातून नेट आत जात नाही. अक्कांना राग आला नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “मंग मातीमधून जाई का?”

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत माठ उभा. माठात पाणी, पोटाला ओलं फडकं, तोंडावर मातीची परळ आणि परळीत फोनसाहेब गारेगार झोपलेले. नेट खळाळत वाहत होतं. माझ्या पदवीवर त्या माठानं पाणी फिरवलं.

तरीही तीनच्या सुमारास मधूनच अटकायचं. म्हणूनच तो विमानाचा हुकूम सुरू झाला. सहा बायका पापड लाटता लाटता व्हिडिओ बघतात, तेच टॉवर खातात, असा निकाल मीच दिला होता. बिचाऱ्या बायकांनी तो मान्यही केला. आता मला कबूल करायलाच हवं. एका दुपारी मी फोनचं सेटिंग उघडलं, तर केबलसोबत हॉटस्पॉटही चालू, आणि त्याला चिकटलेलं एक यंत्र. माझाच मोबाइल! पहिल्या दिवशी मीच जोडून बघितला होता, तो रोज घरी आला की गुपचूप अक्कांचं नेट पिऊन कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे फोटो वर चढवत होता. मी मान खाली घालून सांगितलं. अंगणात जो हशा उसळला, तो मला अजून ऐकू येतो. त्या दिवसापासून विमानाच्या तपासणीत अक्का पहिला हात माझ्यापुढे पसरत.

इतका जीव टाकून ही बाई खेळते कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा झाकण आपटून त्या गच्चीवर गेल्या, त्यांच्यामागे चहा घेऊन मी गेले. अक्का रडत होत्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते.

त्या म्हणाल्या की समोरचा आचारी अनोळखी नाही. धुळ्याला राहणारा त्यांचा थोरला भाऊ आहे. या दोघांच्या मुलांनी, म्हणजे आतेमामेभावांनी, न सांगता दोघांना एका खानावळीत बसवलं होतं. तिसऱ्या दिवशीच अक्कांनी ओळखलं. गिऱ्हाईक बोंबलत असलं तरी तो आचारी स्वच्छ ताट पुन्हा एकदा धुऊन मगच पुढे ठेवायचा. असं फक्त त्यांची आई करायची, आणि आईनं कान पिळल्यामुळे हा. त्यानंही आपल्याला ओळखलं असणार, याची अक्कांना खात्री होती.

अकरा वर्षांपूर्वी भावाच्या मुलाच्या लग्नात अक्कांना मानाच्या पंगतीत बसवायचं राहून गेलं. दुसऱ्या पंगतीत ताट आलं, आणि अक्का वाढल्या ताटावरून उठून गेल्या. वाढलं ताट सोडून उठणं, यजमानाचा याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. भाऊ मांडवात सगळ्यांसमोर म्हणाला की आता आखाजीला मुराळी जाणार नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणीचा माहेरचा सण. माहेराहून मुराळी न्यायला आल्याशिवाय बहीण जाणार कशी? अकरा आखाज्या अक्कांनी बिबडे वाळवण्यात घालवल्या होत्या.

“आते अटकनं की त्याले वाटी, ही पुन्हा उठी गयी,” अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, नेट गेलं तर त्यांच्या पडद्यावर तुम्ही दिसता, नुसत्या थिजलेल्या. तुम्ही झाकण आपटता तेव्हा मात्र तिथं लिहून येतं की समोरचा खेळाडू निघून गेला. अक्कांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. किती वेळा आपटलं असेल, ते त्या मनात मोजत होत्या बहुधा. मला माझीच चीड आली. केबल, सिम, माठ सगळं बघितलं, एवढी एक गोष्ट सांगायची राहिली होती.

आखाजीला सहा दिवस उरले होते. खेळातली शेवटची मोठी पंगत त्या दुपारी होती. अख्ख्या अंगणाला ठाऊक होतं. बायकांनी हुकमाची वाट न बघता विमानं उडवली, माझा फोन तर एकीनं पोळपाटाखालीच दाबून ठेवला. मालक जिनिंगमधून लवकर आले आणि न सांगता गच्चीवर माठाला पाणी घालायला गेले. पंगत अशी रंगली की काय सांगू! भाऊ शिजवतोय, धुतोय, अक्का वाढताहेत, गिऱ्हाइकं उठताहेत. सहाजणी दारात गर्दी करून उभ्या, हातात लाटणी तशीच. शेवटची चार ताटं उरली.

आणि गावाची लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण थोड्या वेळानं टॉवरनंही मान टाकली. पडद्यावर चक्र फिरू लागलं. भरलेलं ताट हातात घेतलेली बाई जागच्या जागी थिजली.

मी माठापर्यंत धावले आणि परत आले. करण्यासारखं काहीच नव्हतं. अक्कांचा उजवा हात उचलला गेला, झाकणाच्या कडेपर्यंत गेला. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटायची तयारी केली. पण तो हात परत फिरला. अक्का ताट धरायच्या बटणावर बोट दाबून बसल्या. घामाच्या धारा लागल्या होत्या, पंखा बंद होता. कुणीतरी पापडाच्या ताटानं वारा घालू लागलं. अक्का हलल्या नाहीत.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. नेट आलं तेव्हा खानावळीत धूर होता, गिऱ्हाइकं निघून गेली होती, गुण शून्य. मात्र आचारीही गेला नव्हता. तोही हातात धुतलेलं रिकामं ताट घेऊन समोर उभा होता. दोघंही तशीच उभी राहिली. खेळच शेवटी बंद पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात एक उंच, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. लाटणी थांबली. मी ओळखलं, कारण नाक अक्कांचंच होतं. अक्का उंबऱ्यात आल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. ते म्हणाले,

“बठ्ठं जळी गयं, पन तू ताट धरीसन उभी होती. उठी गयी नही.” मग म्हणाले, “चाल बाई, आखाजीले घर चाल.”

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जीभ जाग्यावर होती. “तू ताटं धोत बसना, म्हनीसनच जळनं,” त्या म्हणाल्या. आधी बायका हसल्या, मग ते हसले, आणि मग मला काही दिसेनासं झालं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले.

आखाजीच्या दिवशी घर सुनं होतं. मालकही सोबत धुळ्याला गेले होते. पापडवाल्या मात्र सण करून दुपारी अंगणात टेकायला आल्या होत्या, सवयच तशी. तीनच्या सुमारास माझा फोन वाजला. अक्कांचा व्हिडिओ कॉल! मी नुसतं “अक्का” म्हटलं, तर सहाही जणींनी पटापट आपले फोन काढून विमान केले. कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर पंगत बसलेली होती, पहिली, मानाची. खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस. मागे टोपीवाले भाऊ ताट धुताना दिसत होते, त्यांना कुणीतरी हाका मारत होतं. अक्का नव्या लुगड्यात पाटावर बसल्या होत्या. त्यांनी पोळीचा घास रसात बुडवला, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि चित्र अटकलं. चक्र फिरू लागलं.

मला सगळे उपाय येतात. गच्चीवर जायचं, फोन टॉवरकडे धरायचा, फोर-जीवर बांधायचा, माठ तर तयारच होता. सहाजणी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मी जागची हलले नाही. फोनमध्ये अक्का हातात घास घेऊन, हसत, वाढल्या ताटावर बसलेल्या होत्या.