शिक्क्यातला तांबडा

चूक माझीच होती. न विचारता मी तो शिक्का धुतला.

कट्टा गावात, एसटी स्टँडसमोर माझं रबरी शिक्के बनवायचं दुकान आहे. एका सकाळी एक अनोळखी म्हातारी आली. पदराची गाठ सोडून तिनं दगडी शिक्का काढला. वर कोरलेला सिंह, खाली चिनी अक्षरं. तिच्या वारलेल्या नवऱ्यानं बोटीवर नोकरीला असताना तो आणला होता. "घोव दर पत्रार ह्यो मारी. पत्रां लोक वाचून दाखवत, माका ह्यो तेवढो वाचूक येय," ती म्हणाली. ती पत्रं वाळवीनं खाल्ली होती. तिला कागदावर एक ठसा हवा होता. संध्याकाळच्या गाडीआधी येते म्हणून ती बाजारात गेली.

खाचांत तांबडा रंग वाळून बसला होता. ठसा स्वच्छ उठावा म्हणून मी तो ब्रशनं घासला. वाटीतलं पाणी तांबडं झालं. ते ओतून देऊन मी दुकानातल्या जांभळ्या शाईनं ठसा उठवला.

ती आली. जांभळ्या ठशाकडे तिनं पाहिलंही नाही. खाचेतून नख फिरवत म्हणाली, "तांबडो खंय गेलो?"

"जुनो होतो, सुकान पडलो," मी खोटं बोललो.

"तेच्या हातचो होतो रे. मी कधी पाणी लावूक नाय."

तिनं शिक्का पदरात ठेवून गाठ मारली, सोडून पुन्हा पाहिलं, पुन्हा मारली आणि स्टँडकडे गेली. गाडी लागलेली दिसली तसा मी दुकान उघडं टाकून धावलो. ती पायरी चढत होती.

"आजये, रंग पडूक नाय. मी धुतलंय, आणि तुका खोटां सांगलंय. माका माफ कर."