इंटरवलच्या पुढचा सिनेमा

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी वसमतच्या गाड्यांवर काढली, आणि तीही एकाच ड्रायव्हरबरोबर. दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नसत. आबा त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणायचे, ते आबांना ‘कंडक्टर’. दोघंही रिटायर होऊन बराच काळ लोटला, पण हाका त्याच आहेत.

मी आणि माझे मिस्टर वसमतला मेडिकल चालवतो. आबा आणि माय हट्ट्याला असतात. गेल्या हिवाळ्यात एक जुना मारामारीचा सिनेमा नव्यानं बनवून आणला, तेव्हा मी आबांना नांदेडला नेऊन तो दाखवायचं ठरवलं. कारण जुना सिनेमा आबांचा होता. दुसऱ्या कुणी तो पाहिलाय हे मला कॉलेजात जाईपर्यंत खरं वाटत नव्हतं.

लहानपणी आबा मला तो सांगायचे. ड्युटीवरून येऊन हातपाय धुतले की मी समोर जाऊन बसायची. दगडाच्या खाणीत सुरुंग लावणारा एक माणूस असतो. त्याच्या भावाला खाणीचा ठेकेदार मारून टाकतो. हिरो जाब विचारायला जातो, तर ठेकेदार आधी त्याला चहा पाजतो आणि कप खाली ठेवल्यावर गुंड सोडतो. हे कप खाली ठेवणं आबा करून दाखवायचे. शेवटी रेल्वेच्या पुलावर मारामारी. हिरो एका हातानं पुलाला लोंबकळतो आणि ठेकेदार बुटानं त्याची बोटं दाबतो. इथं आबा उठून पाणी प्यायचे.

पाणी पिऊन आल्यावरचा भाग मला जास्त आवडायचा. हिरो नदीत पडतो. मेंढरांना पाणी पाजायला आलेला एक म्हातारा त्याला बाहेर काढतो. हिरो बरा होईपर्यंत त्याच्या मेंढ्या राखतो. मग एक दिवस ठेकेदाराची जीप कळपात अडकते, हिरो शीळ घालतो, आणि मेंढरं जीपला अशी दाटून उभी राहतात की दार उघडत नाही. आमच्या घरी मेंढ्या होत्या, त्यामुळं मला यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. ठेकेदार खिडकीतून निसटतो, रस्त्यावरची एसटी पळवतो, हिरो मागच्या शिडीनं टपावर चढतो, घाटात ब्रेक फेल होतात. हे सगळं चालू असताना आतला कंडक्टर तिकिटं फाडत असतो. आबांच्या सांगण्यात त्या बसमध्ये एकही प्रवासी विनातिकीट नसायचा. शेवटी हिरो गाडी दरीच्या काठावर थांबवतो, ठेकेदार काचेतून बाहेर फेकला जातो आणि दरीत पडतो. कंडक्टर घंटी मारतो. गाडी पुढं जाते.

डी. फार्मसीला परभणीत होते तेव्हा एका रविवारी हॉस्टेलच्या टीव्हीवर तो सिनेमा लागला. मी मुलींना गोळा करून बसवलं. पुलापर्यंत मी प्रत्येक गोष्ट आधी सांगत होते आणि ती तशीच होत होती. मुलींना माझं कौतुक वाटायला लागलं. इंटरवल झाला तेव्हा मी म्हणाले, “आता मेंढ्या येतील.”

मेंढ्या आल्या नाहीत. हिरो नदीत पडलाच नाही, तो पुलावर परत चढला. मग एका साखर कारखान्यासारख्या जागी तासभर पिंपांमागं लपाछपी झाली, मध्येच एक लांबलचक गाणं झालं, आणि शेवटी हिरोनं ठेकेदाराला पोलिसांच्या ताब्यात दिलं. मी म्हटलं होतं, एसटी येईल. मुली एसटीची वाट बघत शेवटपर्यंत बसल्या. नंतर वर्षभर मी मेसमध्ये आले की कुणीतरी म्हणायचं, “सरका, मेंढ्या आल्या.”

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी आबांना सरळ म्हटलं, “आबा, त्या सिनेमात मेंढ्या न्हाईत.”

आबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “टीव्हीवाले कापतेत.”

“आणि बस?”

“ते बी कापतेत.”

मी विषय सोडून दिला. आबा खोटं बोलतात असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आणि ते बरेच दिवस डोक्यात राहिलं. एवढ्याशा गोष्टीसाठी भांडावं की नाही हे ठरेना, आणि ठरेपर्यंत माझं लग्न झालं.

तर नवा सिनेमा आला. मायला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, “मी त्यो पिच्चर चुलीपाशी बसून बारा वर्षं ऐकला. आता पाहून काय करू?” तिनं आबांच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. नांदेडच्या थिएटरात दारावरच्या माणसानं ती पिशवी उघडली, वास घेतला आणि आत नेता येणार नाही म्हणाला. आबांनी त्याला विचारलं, “तू जेवलास का?” तो नाही म्हणाला. आबांनी पिशवी त्याच्याकडंच दिली आणि खुर्च्यांकडं निघाले.

नव्या सिनेमात हिरो सुरुंगवाला नव्हता, फौजेतून आलेला कमांडो होता. खाणीऐवजी परदेशातलं काचेचं हॉटेल होतं. आबा पहिली दहा मिनिटं गप्प होते. नंतर बोलायला लागले, आणि बसमधल्या आवाजात.

“खाण कुठंय?”

“बदलली आबा.”

“काहून?”

पुढच्या रांगेतला एक पोरगा वळून बघायला लागला, म्हणून मी आबांच्या हाताला हात लावला. ते हळू आवाजात म्हणाले, “चहा बी पाजला न्हाई. डायरेक मारून राहिला.”

पुलाच्या जागी चाळीस-पन्नास मजल्यांची इमारत आली. हिरो गच्चीच्या काठाला एका हातानं लोंबकळला, व्हिलननं बोटांवर बूट ठेवला, आणि पडद्यावर मध्यंतर आलं. दिवे लागले. आबा उठले, टोपी नीट केली आणि दाराकडं चालायला लागले.

मला वाटलं, लघवीला निघाले. ते जिन्याकडं वळले. मी मागं पळाले. “आबा, इंटरवल झालाय नुसता.”

“ठाऊक हाय मला. चल.”

“अजून अर्धा राहिलाय.”

आबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. कठड्याला हात लावला. मग म्हणाले, “याच्या म्होरं मी कधी पाह्यलाच न्हाई.”

तिथं भिंतीला लागून एक बाकडं होतं. आम्ही बसलो. दुपारी बाराला गाडी वसमतला लागायची, आबा सांगू लागले, आणि पावणेदोनला परत परभणीला निघायची. स्टँडजवळच थिएटर होतं आणि दारावरचा माणूस ओळखीचा. ड्रायव्हर आणि ते दोघं डबा खाऊन आत जाऊन बसायचे. इंटरवल झाला की उठायचे, कारण तिकडं माणसं गाडीत बसलेली असायची. तो सिनेमा त्यांनी पाच वेळा पाहिला. पाचही वेळा हिरोला पुलावर लोंबकळता सोडून ते गाडीवर गेले.

“सुट्टीच्या दिवशी जायचं की,” मी म्हणाले.

“सुट्टी मिळाली तवर पिच्चर उतरला.” मग म्हणाले, “दुपारची गाडी अर्धी रिकामी राह्यची. मी म्होरं ड्रायव्हरपाशी जाऊन बसायचो. त्यो म्हने, कंडक्टर, आता काय व्हईल रं? मी म्हनलं, पानी हाय खाली, पडंल. मंग आमी म्होरचं लावत गेलो. मेंढ्या माझ्या. बस त्याची.”

“मला तसं सांगायचं ना, आबा.”

“लेकराला अर्धा पिच्चर सांगावं का?”

हॉस्टेलपासून मनात धरलेला राग असा पाच मिनिटांत निघून जाईल असं मला वाटलं नव्हतं. गेला. मी पॉपकॉर्न आणले. आबांनी एक दाणा खाऊन बघितला आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

मध्यंतरानंतर आबा पुढच्या खुर्चीच्या पाठीला हात धरून, जरा पुढं वाकून, बसमध्ये उभ्या माणसासारखे बसले होते. हिरो परत गच्चीवर चढला तेव्हा त्यांनी मान हलवली, बरोबर म्हणून की चूक म्हणून ते कळलं नाही. पुढं गोदाम होतं, मोटारी उडाल्या, गाणं छोटं होतं. शेवटी पोलीस आले आणि व्हिलनला घेऊन गेले. दिवे लागले, लोक उठले, झाडूवाली बाई आली. आबा बसलेलेच.

“संपला?”

“संपला.”

“असा?”

परतीच्या गाडीत मी विचारलं, कोणता चांगला. आबांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. पूर्णा येईपर्यंत विचार केला. मग म्हणाले, अर्ध्यापर्यंत जुना, त्यात काही बोलायचं कामच नाही. जुन्यात हिरोला बरगडीत मार बसतो आणि पुढच्या तीन सीनमध्ये तो बरगडी धरून चालतो. नव्यात इतका मार बसतो आणि शर्टाची इस्त्री जात नाही. ज्याला दुखत नाही त्याची काळजी आपण काय करायची? पुढच्या अर्ध्याचं मात्र ते सांगू शकत नव्हते. “एकच पाह्यला, तर बराबरी कशी करावं?”

माझं मत मी त्यांना सांगितलं नाही, इथं सांगते. त्या आठवड्यात मी जुना सिनेमा मोबाइलवर पुन्हा पाहिला. तो तितका चांगला नाही. मारताना हात गालापासून वीतभर लांबून जातो आणि आवाज मात्र येतो. पुढचा अर्धा भाग तर नव्यात सरळसरळ जास्त बरा आहे, निदान पिंपं कमी आहेत. पण पुलावर जो माणूस लोंबकळतो तो खरोखर लोंबकळलेला आहे. त्याचा खांदा वर ओढला जातो, बोटं पांढरी पडतात. नव्यातला लोंबकळताना केसांचा विचार करत असावा. आबा पाच वेळा पूर्ण न झालेला सिनेमा बघायला काहून गेले ते मला त्या बोटांवरून समजलं.

चार दिवसांनी आबांचा फोन आला. “कुरुंद्याला जायचंय. ड्रायव्हरला सांगावं लागंल.”

ड्रायव्हरकाकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, एका बाजूला शिजवलेली हळद वाळत घातली होती. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून आबांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळा नवा सिनेमा सांगितला. खाण नाही, पूल नाही, हे ऐकताना काका फक्त मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, “बसचा सीन ठेवला का?”

“न्हाई.”

“मंग पिच्चर कशाला काढला?”

आबांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. “ड्रायव्हर, बस त्यात नव्हतीच. बस आपुन घातली.”

“कोन म्हनतं? म्या पाह्यली.”

“आपुन इंटरवलला उठायचो, इसरलास का?”

“तू उठायचास. तिकिटाच्या हिशेबाचं वेबिल तुझ्याकडं राह्यचं. म्या मागून यायचो.”

काकांना खरंच तसं आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. घाटात ब्रेक फेल झाल्यावर गाडी कोणत्या गिअरवर टाकली, तेही त्यांनी सांगितलं. आबांनी माझ्याकडं बोट केलं. “ही दोनी पूर्ण पाहून आली. हिला पूस.”

दोघंही माझ्याकडं वळले. मला खोटं बोलता आलं असतं. गोळ्यांच्या दुकानात बसून रोज दहा जणांना ‘फरक पडेल’ म्हणून सांगतेच. पण आबांनी साक्षीला आणलं होतं, म्हणून मी मोठ्यानं खरं ते सांगितलं. काका, बस नाही. दोन्हीत नाही. शेवटी हिरो त्याला पोलिसांच्या ताब्यात देतो.

“पोलिसाच्या?”

“हो.”

“दोनीत?”

“दोन्हीत.”

काकांनी पायाशी आलेला हळदीचा एक तुकडा उचलून परत वाळवणात टाकला. मग आबांना म्हणाले, “मंग दोनी बी चुकले.”

“चुकलेच,” आबा म्हणाले.

काकांची सून चहा घेऊन आली. काय चाललंय विचारल्यावर मी सिनेमाचं सांगितलं. ती म्हणाली, नवा तिनं मोबाइलवर पाहिलाय, तिला लई आवडला, हिरो छान दिसतो. ती आत गेल्यावर काका म्हणाले, “शेवटाला त्यो दरीत पडतो, येवढं तरी हिला सांगावं लागंल,” आणि आबांनी व्हय म्हटलं.

यंदा उन्हाळ्यात नांदेडला आणखी एका जुन्या मारामारीच्या सिनेमाचा नवा अवतार लागला. मी आबांना फोन करून विचारलं, येता का.

“जुना मी पाह्यला हाय का?”

मी नाव सांगितलं. त्यांनी विचार केला. “न्हाई.”

“मग?”

“मग चालंल.”

या वेळी ड्रायव्हरकाकाही आले, काठी घेऊन. मध्यंतराला कुणी उठलं नाही. सिनेमा बरा होता.