मास्तरांनी पेटीत कोंडलेला अर्ज

विष्णुमास्तरांच्या साठीचं पुस्तक निघतंय, त्यात चार गोड शब्द लिवा, असा महाडहून निरोप आला. गोड कुठून आणू? या माणसानं माझं रक्त आटवलंय.

पहिली वळख सांगते. माझा सदू महाडला इंग्रजी शाळेत जायला लागला, तेव्हा मास्तर एवढा चढ चढून आमच्या वाडीत आले. गुळपाण्याला हात लावायच्या आधी बोलले, "काशीबाई, मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे." तेव्हाच समजले, हे गृहस्थ जन्मभर छळणार.

पुढं सदूला अमेरिकेच्या कालेजात जायचं वेड लागलं. आमच्याकडं पैसा नाय. मास्तरांनीच शोधून काढलं, तिथं काही कालेजं गरीब पोरांना आपल्या खानावळीत राबवतात नि फी माफ करतात. अर्जात विचारलं होतं, काम कोणतं येतं? सदूनं लिवलं, रांधणं, भांडी, सगळं. मास्तरांनी अर्ज उचलून आपल्या पेटीत टाकला.

"येतं का रे?"

"नाय मास्तर. तिथं जाऊन शिकेन."

"इथं शिक. मग पोष्टात टाकू."

आता बघा! मुदत सरत आलेली. यंदा चुकलं तर थोरले दीर सदूला मुंबईच्या गिरणीत चिकटवणार, हे ठरलेलं. मी बोलले, "मास्तर, सगळी दुनिया वाढवून लिवते."

"दुनियेनं माझ्याकडे अर्ज दिलेला नाही."

मग काय, सदू चुलीपुढं. बाप्या राख घेऊन टोप घासतोय, हे वाडीत कुणी पाह्यलेलं नाय. बाया उगाच हंडे घेऊन माझ्या अंगणातून जायच्या. "गो काशे, सून बरी मिळाली गो!" आणि दर रविवारी मास्तर परीक्षेला हजर. कच्चा भात, करपलेली भाकरी, मुकाट खायचे, वर आणिक मागायचे. मी बोलले, "राहू द्या, पोट बिघडेल." तर बोलतात, "परीक्षा अर्धी सोडत नाहीत." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका रविवारी दीरही जेवायला होते. ताट सारून बोलले, "आपल्या घरातलं पोर परक्यांची उष्टी काढणार? मी नाय जाऊ देणार."

मास्तर उठले. दिरांचंच ताट उचलून मोरीकडं निघाले.

दीर ताडकन उभे. "अहो मास्तर! तुम्ही माझं उष्टं काढायचं? पाप चढवू नका!"

"मी काढलं तर पाप, सदूनं काढलं तर लाज. मग हे ताट ठेवू कुठं?"

दीर परत पाटावर बसले. मग बोलले, "जाऊ दे पोराला. पण आधी ते खाली ठेवा."

ठेवतील ते मास्तर कसले! घासूनच आणलं. सदूनं ताट हातात घेऊन उजेडाकडं धरलं. "मास्तर, कडेला खरकटं राह्यलंय."

मास्तर हसले. मी पहिल्यांदाच पाह्यलं. बोलले, "पास." आणि दुसऱ्या दिवशी अर्जातलं 'रांधणं' नि 'सगळं' खोडून, नुसती 'भांडी' ठेवून, अर्ज पेटीतून सुटला.

सदू आता तिथं शिकतोय, सकाळ-संध्याकाळ भांडी घासतोय. तर मास्तर, तो परत येईपर्यंत दात नि पोट शाबूत ठेवा. त्याच्या हातची न करपलेली भाकरी तुम्ही अजून खाल्लेली नाय. शंभरी गाठा. आणि परीक्षा अर्धी सोडायची नाय, हे तुम्हीच बोललात.