लेकीचा पहिला क्रॉसबो

मंडळी, आज लेकीसोबत तिचा पहिला क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून चालवायचं धनुष्य, घ्यायला गेलो होतो. हो, हरणाच्या शिकारीसाठी; इथे परदेशात सीझनमध्ये ती कायदेशीर असते. मी माळकरी माणूस, म्हणून ती गाडीत दोनदा म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू कम." तरी गेलो.

दुकानदाराने सगळ्यात जोरकस क्रॉसबो पुढे केला. तिने तो ठेवून हलका उचलला.

"हा मला नीट पेलतो, बाबा. नेम चुकला तर हरीण जखमी होऊन तडफडेल. शुअर नसेन तर मी बाण सोडणारच नाही."

जोरकस क्रॉसबो मीच दुकानदाराकडे परत सरकवला.

तिने दुर्बीण, बाण, बाणांची धारदार पाती घेतली. मी विचारलं, "झाडावरच्या मचाणावर बसणार ना? मग बांधून घ्यायचा पट्टा कुठाय?"

"मी नाही पडत, बाबा!"

"हरणाची काळजी तू कर, तुझी मला करू दे."

ती हसली. पट्टा मीच निवडला, दुकानातच तिला घालून सगळे बंद ओढून पाहिले.

सीझन सुरू झाला की ती पहाटे जंगलात असेल आणि मी देवासमोर. तेव्हा लेकीसाठी यश मागू की हरणासाठी आयुष्य? तुम्ही काय मागाल?